तुमचे प्रश्न : लायसन्स नसलेल्या वाहतूकमंत्री

प्रश्न : ब्रिटनच्या बार्बरा कासल यांना गाडी चालवता येत नसे, तरी त्या वाहतूकमंत्री होत्या, असं वाचलं. खरं आहे का हे?

उत्तर : अगदी खरं. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी डिसेंबर १९६५मध्ये त्यांना हे खातं दिलं, तेव्हा मोटारवाल्यांनी नाकं मुरडली. १९६७च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी रस्त्यावर ब्रेथलायझर, म्हणजे चालकाच्या श्वासातून दारू ओळखणारी नळी, आणला, तेव्हा तर कहरच झाला. १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा, इतका साधा नियम. पण पबवाले खवळले, धमक्यांची पत्रं आली. एका रेडिओ मुलाखतकारानं तर, तुम्ही बाई, त्यात गाडी चालवत नाही, तुम्हाला यातलं काय कळतं, असं तोंडावर विचारलं. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. १९६६ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,९८५ माणसं मेली होती, १९६८ साली ६,८१०. सगळं श्रेय त्या नळीला देऊ नका. ताशी ७० मैलांची मर्यादा त्यांच्या आधीच्या मंत्र्यानं प्रयोग म्हणून सुरू केली होती, ती बाईंनी कायम केली. नव्या गाड्यांना पुढच्या सीटचे पट्टे सक्तीचे झाले तेही याच काळात.

हे खातं म्हणजे नुसती शिस्त नव्हती, राजकारणही भरपूर होतं. जानेवारी १९६६मध्ये हल शहरातल्या उत्तर हल मतदारसंघाची पोटनिवडणूक लागली. विल्सन यांच्या मजूर पक्षाचं बहुमत तेव्हा अगदी काठावरचं. बाई हलला गेल्या आणि हंबर नदीवर पूल देऊ म्हणून सांगून आल्या. मजूर पक्षानं जागा राखली, मताधिक्यही वाढलं. पूल वाहतुकीला खुला झाला १९८१ साली. आश्वासन आणि उद्घाटन यांच्यातलं हे अंतर आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

प्रश्न : मजूर पक्षाची मंत्री कामगारांच्या संपांवर बंधनं घालायला निघते, याला काय म्हणायचं?

उत्तर : मी तरी धाडस म्हणेन. एप्रिल १९६८मध्ये त्या रोजगार खात्यात आल्या, तेव्हा युनियनच्या नेत्यांनाही न विचारता होणाऱ्या संपांनी कारखाने हैराण होते. जानेवारी १९६९च्या श्वेतपत्रिकेत त्यांनी मांडलं ते असं : काही संपांआधी २८ दिवस थांबा, मोठ्या संपासाठी कामगारांचं मतदान घ्या, ऐकलं नाही तर दंड. त्याच कागदात कामगाराला युनियनमध्ये जाण्याचा हक्कही होता. तो कोणी वाचला नाही, दंड मात्र सगळ्यांनी वाचला.

सगळ्यात मोठा विरोधक मंत्रिमंडळातच बसला होता : गृहमंत्री जिम कॅलहन. मार्चमध्ये पक्षाच्या कार्यकारिणीत त्यांनी उघडपणे विरोधात मत दिलं. बाईंची एक चाल मला पटत नाही. पूर्ण कायद्यासाठी थांबायचं सोडून त्यांनी घाईनं छोटं विधेयक पुढे रेटलं, आणि काठावरचे खासदारही बिथरले. जूनमध्ये युनियनांच्या महासंघानं आपणच भांडणं मिटवू असा शब्द दिला आणि सरकारनं माघार घेतली. पुढे कॅलहन स्वतः पंतप्रधान झाले. १९७८-७९च्या हिवाळ्यात संपांनी त्यांचंच सरकार जेरीस आणलं आणि मे १९७९मध्ये मार्गारेट थॅचर आल्या. त्यांनी युनियनांवर जे कायदे लादले, त्यांच्यापुढे कासलबाईंची श्वेतपत्रिका म्हणजे मायेची चापट होती.

प्रश्न : समान वेतनाचा कायदा फोर्डच्या संपकरी बायकांनी आणला की कासल यांनी?

उत्तर : बायकांनी दार ठोठावलं, बाईंनी उघडलं. लंडनमधल्या डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ जणींनी जून १९६८मध्ये मशिनं बंद केली, कारण त्यांचं काम अकुशल ठरवलं गेलं होतं. कव्हरं नाहीत म्हणजे गाड्या नाहीत. बाईंनी त्यांना बोलावून चहा पाजला, तडजोड घडवली, आणि पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के पदरात पडले. कुशल हा शिक्का मात्र मिळाला नाही, त्यासाठी १९८४मध्ये पुन्हा संप करावा लागला. कायदा मे १९७०मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर मंजूर झाला. अंमल डिसेंबर १९७५पासून. मधली पाच वर्षं मालकांना तयारीसाठी दिली होती, आणि काहींनी ती कामांची नावं बदलून पळवाटा काढण्यात घालवली.

माझी आवडती गोष्ट याहून लहान आहे. बायकांच्या सार्वजनिक शौचालयांच्या दाराशी फिरते अडसर असत. गरोदर बाई, कडेवर मूल घेतलेली बाई त्यात अडकायची. कासल यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९६३मध्ये ते कायद्यानं काढायला लावले. तेव्हा त्या मंत्रीही नव्हत्या.

प्रश्न : मग मंत्रिमंडळातून त्यांना का काढलं?

उत्तर : एप्रिल १९७६मध्ये कॅलहन पंतप्रधान झाले आणि लगेच बाईंना नारळ दिला. कारण सांगितलं, मंत्रिमंडळाचं सरासरी वय खाली आणायचंय. बाई ६५ वर्षांच्या, सांगणारे ६४. मग तुमच्यापासूनच सुरुवात करा की, हे शब्द आपण कसे गिळले याचं त्यांना पुढे स्वतःलाच नवल वाटायचं. तेव्हा त्या समाजसेवा खात्यात होत्या. मुलांसाठीचा भत्ता बापाच्या करसवलतीतून काढून थेट आईच्या हाती द्यायचा कायदा त्यांनी १९७५मध्ये करून घेतला होता. त्या जाताच मंत्रिमंडळानं तो लांबवायचं ठरवलं, कारण पगार कमी हातात आला तर पुरुष चिडतील. ही बातमी फुटली, गदारोळ झाला आणि १९७७पासून भत्ता टप्प्याटप्प्यानं सुरू झाला.

बाई घरी बसल्या नाहीत. १९७९ ते १९८९ युरोपीय संसदेत होत्या, १९९०पासून ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, लॉर्ड्समध्ये. थॅचर सरकारनं १९८०मध्ये पेन्शनची पगारवाढीशी असलेली सांगड तोडली होती. ती परत जोडा, म्हणून नव्वदीला टेकलेल्या बाई आपल्याच पक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्याशी भांडत होत्या. २०००मध्ये सरकारनं पेन्शन आठवड्याला अवघ्या ७५ पेन्सनी, म्हणजे पाऊण पाउंडानं, वाढवलं, त्यावर तर त्यांनी पक्षाच्या अधिवेशनात रान उठवलं. मे २००२मध्ये त्या गेल्या. सांगड पुन्हा जोडली गेली ती २०११मध्ये, आणि तीही मजूर पक्षाच्या हातून नाही.