वाचक विचारतात: हा कंट्री अल्बम आहे की पॉप?

प्रश्न: अमेरिकन गायिका केसी मस्ग्रेव्ह्जचा ‘गोल्डन अवर’ अल्बम सध्या सारखा ऐकतेय. मैत्रीण म्हणते हा कंट्री (अमेरिकेतलं गावाकडच्या मातीतलं संगीत) नाहीच, सरळ पॉप आहे. आणि हल्लीचं बाकी पॉप एवढं उदास का वाटतं हो?

उत्तर: मैत्रिणीला एकदा हेडफोन लावून यातलं ‘ओह, व्हॉट अ वर्ल्ड’ हे गाणं ऐकवा. सुरुवातीला व्होकोडरमधून (गाणाऱ्याचा आवाज बदलणारं उपकरण) आलेला यंत्रासारखा आवाज, आणि मग त्याच्याच शेजारी बँजो (कंट्रीतलं तारांचं वाद्य) टणटणायला लागतो, दोघं एकमेकांना जराही खुपत नाहीत, मला तर ती जागा दरवेळी नव्याने आवडते. पेडल स्टील गिटारही आहे, तिचा सूर तुटत नाही, घसरत घसरत पुढच्या सुरात जातो. म्हणजे हाडाचा कंट्रीच, कपडे पॉपचे. 2018 चा अल्बम, 2019 मध्ये ग्रॅमीत बेस्ट कंट्री अल्बम पण मिळालं आणि अल्बम ऑफ द इयर पण, त्यामुळे वाद घालायचा तर दोघी जिंकाल!

उदासपणाचं म्हणाल तर मला सगळं पॉप तसं वाटत नाही, पण पुटपुटल्यासारखं गाणं, संथ ठेका आणि ब्रेकअपचे शब्द एकत्र आले की मन जड होतंच. या अल्बममध्येही हुरहूर आहे की, फक्त ती प्रेमात सुखी असलेल्या माणसाची आहे, सगळं छान चाललंय आणि तरी पोटात कालवतंय अशी. म्हणून तो पुन्हापुन्हा लावावासा वाटतो. यानंतर बियॉन्सेचा 2024 चा ‘काउबॉय कार्टर’ ऐका, तिथे हीच कंट्री-पॉपची सरमिसळ कितीतरी मोठ्या आवाजात आहे.