जहाजदुरुस्तीतील पुनर्निर्मिती: आधी भागाची जहाजापासून फारकत करा

आपला प्रश्न मला असा समजला. आपल्या कार्यशाळेत पिस्टन क्राउन (पिस्टनचा ज्वाळेकडचा माथा), एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू सोडणारी झडप), पंप आणि टर्बोचार्जर (जळक्या वायूच्या जोरावर इंजिनात हवा दाबणारे यंत्र) यांची कामे अनेक वर्षे होत आहेत. मग ज्याला हल्ली रीमॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे पुनर्निर्मिती, म्हटले जाते ते याहून निराळे काय आहे, आणि ते सुरू करायचे झाल्यास नव्या यंत्रसामग्रीवर खर्च करावा लागेल का? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. बहुधा लागणार नाही. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगची सोय, बॅलन्सिंग मशीन आणि तडे तपासण्याची साधने आपल्याकडे आहेतच, आणि नसतील ती बाहेरून करून घेता येतात. खर्च होईल तो साठ्यावर, नोंदींवर आणि थोडा धीर धरण्यावर.

पहिल्या भागाचे उत्तर लांब आहे. दुरुस्तीत आपण बिघडलेले तेवढे नीट करतो. रिकंडिशनिंगमध्ये त्याच्या पुढे जाऊन झीज भरून काढतो आणि वस्तू चालण्याजोगी करतो. पुनर्निर्मितीत वापरलेली वस्तू शेवटच्या बोल्टपर्यंत सुटी केली जाते, प्रत्येक भाग धुऊन मापला जातो, मर्यादेबाहेर गेलेला बदलला किंवा पूर्ववत केला जातो, आणि पुन्हा जोडून चाचणी घेतल्यावर ती वस्तू किमान नव्याइतकी कामगिरी देईल, अशी नव्याच्या तोडीची हमी लेखी दिली जाते. बीएस ८८८७ या ब्रिटिश मानकमालिकेतील व्याख्येचा भर याच दोन गोष्टींवर आहे: मूळ कामगिरी आणि नव्याच्या बरोबरीची हमी. यातील तंत्र आपल्याला नवे नाही. नवी आहे ती एकच गोष्ट, आणि माझ्या मते सगळे तिच्यावरच अवलंबून आहे: भाग ज्या जहाजातून निघाला त्याच जहाजात तो परत गेला पाहिजे, ही अट सोडून द्यावी लागते.

या अटीने आपले किती नुकसान होते, हे गोदीत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मालवाहू जहाजाच्या तळाची पाहणी पाच वर्षांत किमान दोनदा व्हावी लागते आणि दोन पाहण्यांमध्ये ३६ महिन्यांहून अधिक अंतर चालत नाही. जहाज त्या निमित्ताने गोदीत येते, मोजके दिवस थांबते आणि त्याच दिवसांत सगळे उरकायचे असते. दुसऱ्या दिवशी उघडलेला पिस्टन आठव्या किंवा नवव्या दिवशी परत आत बसवायचा असतो, कारण जहाज सुटण्याची तारीख मालकाने आधीच कोणाला तरी देऊन ठेवलेली असते. अशा वेळी ‘हा भाग आणखी एक फेरा काढेल का?’ या प्रश्नाचे उत्तर मापांवरून दिले जात नाही, ते घड्याळाकडे बघून दिले जाते. मीही ते तसे दिलेले आहे.

पुनर्निर्मितीत जहाज आले की कपाटात तयार असलेला, तपासलेला, शिक्का असलेला भाग त्याला दिला जातो आणि त्याचा जुना भाग, ज्याला या व्यवहारात ‘कोअर’ म्हणतात, आपल्याकडे राहतो. जहाज निघून गेल्यावर त्या कोअरवर निवांतपणे काम होते आणि तो पुढच्या जहाजासाठी कपाटात जातो. कॅटरपिलरने हा व्यवहार १९७३ मध्ये सुरू केला आणि त्यात कोअरची अनामत ठेवण्याची पद्धत रुळली: घेणारा किमतीबरोबर अनामत भरतो, जुना भाग ठरलेल्या स्थितीत परत दिला की ती त्याला मिळते.

निवांतपणाने नेमका काय फरक पडतो, हे पिस्टन क्राउनच्या उदाहरणाने सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनाचा क्राउन बाहेर काढला की काजळी खरवडून त्याच्या माथ्यावर टेम्पलेट, म्हणजे मूळ आकाराचा साचा, ठेवतात आणि टेम्पलेट व धातू यांच्या फटीत फीलर गेज (फट मापायच्या पातळ पट्ट्या) घालून जळीची खोली मोजतात. टेम्पलेट थोडे थोडे फिरवत हे माप परिघावर अनेक ठिकाणी घ्यायचे असते, कारण जळ सगळीकडे सारखी नसते. बहुतेक वेळा ती इंधनाच्या फवाऱ्यांसमोर खोल असते. खोली मर्यादेबाहेर गेली असेल तर इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूच्या वेल्डने माथा भरून काढतात. आता घाईत काय होते ते पाहा. वेल्डआधी क्राउन एकसारखा तापवायला वेळ लागतो, वेल्डनंतर तो सावकाश निववायला त्याहून जास्त लागतो, आणि नेमका हाच वेळ कापला जातो. दुसरे असे की क्राउन उलटा करून आतली थंडाव्याची बाजू फारसे कोणी पाहत नाही. तेथे तेलाचा कोक, म्हणजे जळून कडक झालेला थर, साचलेला असेल तर उष्णता बाहेर पडत नाही आणि माथा त्यामुळेच जळत असतो. वरून सुंदर वेल्ड केलेला आणि आतून कोकने भरलेला क्राउन जहाजाला परत देणे म्हणजे तोच रोग पुन्हा सुरू करून देणे आहे. पुनर्निर्मितीच्या क्रमात आतली बाजू साफ झाल्याशिवाय क्राउन वेल्डिंगच्या बाकावर चढतच नाही. त्यानंतर रिंगांच्या खाचांचे जुने क्रोम घासून नवे चढवणे, तडे तपासणे आणि थंडाव्याच्या पोकळीची दाबचाचणी घेणे ही कामे येतात. यातले एकही काम आपल्याला अपरिचित नाही, पण ही सगळी कामे एकाच क्राउनवर, ठरलेल्या क्रमाने आणि एकही न गाळता आपण शेवटची कधी केली, हे एकदा स्वतःला विचारून पाहा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्पिंडलचे, म्हणजे झडपेच्या दांड्याचे, हेही असेच आहे. निमोनिक ८०ए सारख्या मिश्रधातूचा किंवा कठीण वेल्डचा थर दिलेला स्पिंडल महाग असतो, आणि सीट घासून घासून मर्यादेपर्यंत आली की तो मोडीत काढण्याचा मोह होतो. योग्य रीतीने वेल्ड करून तो परत उभा करता येतो, मात्र प्रत्येक स्पिंडलला स्वतःचा क्रमांक हवा, आणि तो किती तास चालला, किती वेळा घासला व किती वेळा भरला याची नोंद त्या क्रमांकाबरोबर फिरायला हवी. स्पिंडल एका जहाजातून दुसऱ्या जहाजात जाऊ लागला की त्याचा इतिहास कोणाच्याच डोक्यात राहत नाही. वहीत नसेल तर तो नाहीच.

टर्बोचार्जरमध्ये पैसा जास्त दिसतो म्हणून पुष्कळ लोक तेथून सुरुवात करू पाहतात. माझा सल्ला उलटा आहे. रोटरचे, म्हणजे त्यातल्या फिरत्या भागाचे, आयुष्य तासांनी बांधलेले असते, पात्यांतील थकवा डोळ्यांना दिसत नाही, आणि बॅलन्सिंग उत्तम झाले म्हणजे रोटर तरुण झाला असे होत नाही. उत्पादकाची आयुष्यमर्यादा आणि त्या रोटरचे खरे तास या दोन्ही गोष्टी हाताशी नसतील तर त्याला हात लावू नये.

काही भाग या व्यवस्थेत मुळातच बसत नाहीत. तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरचा फिरणारा बाऊल मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्यावर वेल्डिंग करणे किंवा त्याला तापवणे उत्पादक स्पष्टपणे मना करतात, म्हणून खोल खड्डे पडलेला बाऊल मोडीतच गेला पाहिजे. प्रोपेलर त्या त्या जहाजासाठी घडवलेला असतो, त्यामुळे एकाच आराखड्याची जहाजे सोडली तर अदलाबदल शक्य नसते. तरीही प्रोपेलरवर पुनर्निर्मितीची शिस्त लागू होते. जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या सामायिक नियमांत, म्हणजे त्यांच्या आयएसीएस या संघटनेच्या डब्ल्यू२४ मध्ये, पात्याचे अ, ब, क असे तीन विभाग केले आहेत, आणि सर्वाधिक ताण सोसणाऱ्या अ विभागात वेल्डिंगला सर्वसाधारणपणे परवानगी नाही. पात्याच्या टोकाला चालणारी दुरुस्ती मुळाशी चालत नाही, हे कामगाराला तोंडी सांगून भागत नाही. पात्यावर खडूने रेघा मारून द्याव्यात. स्टर्न ट्यूबच्या (प्रोपेलरचा दांडा जहाजाबाहेर नेणाऱ्या नळीच्या) सीलखालील लायनरवर, म्हणजे दांड्यावरच्या बाहीवर, चर पडली असेल तर दरवेळी तो बदलावा लागत नाही. रचनेत सोय असेल तर अंतर-रिंग घालून सीलचा ओठ थोडा सरकवतात, म्हणजे तो न झिजलेल्या पट्ट्यावर चालतो. ही पुनर्निर्मिती नाही, चांगली दुरुस्ती आहे, आणि तिला दुरुस्तीच म्हणावे.

आता कागदांविषयी, कारण माझी सर्वांत मोठी फजिती तेथेच झाली. इंधन-इंजेक्टरच्या नॉझलची एक खेप आम्ही अतिशय काळजीपूर्वक तयार केली होती, फवारा उत्तम होता आणि उघडण्याचा दाब काटेकोर होता. साफसफाई करताना मात्र ग्रिट ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे कणांच्या माऱ्याने घासताना, अंगावरचे कोरलेले क्रमांक पुसट होऊन गेले. जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या मार्पोल कराराच्या सहाव्या परिशिष्टाखालील नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) तांत्रिक संहितेनुसार तिच्या कक्षेतील प्रत्येक इंजिनाची तांत्रिक फाइल असते, तिच्यात उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या भागांची ओळखचिन्हे दिलेली असतात, आणि जहाजावर बसवलेल्या भागावर तेच चिन्ह दिसावे लागते. सर्व्हेअरने (वर्गीकरण संस्थेच्या तपासनिसाने) भिंग लावून पाहिले, क्रमांक वाचता आला नाही, आणि सगळी खेप बाजूला गेली. भाग निर्दोष असूनही निरुपयोगी ठरला. तेव्हापासून चिन्हावर टेप आणि टेपवर पत्र्याची टोपी लावल्याशिवाय आमच्याकडे एकही भाग ब्लास्टिंगला गेला नाही. कोणते भाग या यादीत येतात हे त्या इंजिनाच्या फाइलमध्येच पाहावे. नॉझल, पंपाचा प्लंजर, कॅम आणि टर्बोचार्जर ही नेहमीची नावे आहेत.

अ‍ॅस्बेस्टॉसचा मुद्दा याहून फसवा आहे. सोलासनुसार १ जानेवारी २०११ पासून जहाजावर अ‍ॅस्बेस्टॉस असलेली कोणतीही नवी सामग्री बसवता येत नाही. जुन्या पंपातील किंवा व्हॉल्व्हमधील गॅस्केट तेथे वर्षानुवर्षे असेल, परंतु तोच पंप पुनर्निर्मित होऊन दुसऱ्या जहाजावर गेला की तो त्या जहाजासाठी नवी सामग्री ठरतो. म्हणून कोअर उघडताना जुनी पॅकिंग आणि गॅस्केटे संशयितच धरावीत, योग्य संरक्षण घेऊन काढावीत, आणि नव्या भागांचे अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असल्याचे पत्र फाइलला जोडावे.

वर्गीकरण संस्थेच्या सर्व्हेअरशी कामाआधी बोलावे. वेल्डिंगची पद्धत, वेल्डर आणि तपासणीचा टप्पा ही तिन्ही त्याने आधी मान्य केलेली असावीत. क्राउन भरून, घासून, चकचकीत करून मग त्याला बोलावणे म्हणजे वरातीमागून घोडे आहे. थराखाली काय होते हे तो पाहू शकत नाही आणि आपण दाखवू शकत नाही.

कोअर कोठून मिळवायचे, हाही व्यवहारातला मोठा प्रश्न आहे. जहाजावरील मंडळी काढलेला भाग डेकच्या कोपऱ्यात टाकून देतात, खारे वारे लागून तो गंजतो, आणि आपल्यापर्यंत येईतो मोडीचा झालेला असतो. तयार भाग ज्या पेटीत गेला त्याच पेटीत, तेल लावून, प्लग बसवून जुना भाग परत यावा, अशी अट अनामतीच्या कागदावरच छापावी आणि पेटीत तेलाचा डबाही ठेवावा. कोअर देशाबाहेर जाणार असेल तर तो निथळून कोरडा केलेला आणि ओळखपत्रासह असावा; तेलाने माखलेला, कागदाशिवायचा भाग सीमेवर धोकादायक टाकाऊ माल समजला जाऊ शकतो, आणि अशा मालाच्या वाहतुकीवर १९८९ च्या बाझल कराराचे निर्बंध आहेत. मोडीत निघालेल्या जहाजांतूनही कोअर मिळतात. सुरक्षित जहाजमोडणीविषयीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाल्यामुळे जहाजाबरोबर घातक पदार्थांची यादी येते, आणि तिचा आपल्यालाही उपयोग होतो. मात्र त्या यादीतून भागाचे चाललेले तास कळत नाहीत. म्हणून मोडीच्या जहाजातून कव्हर, केसिंग, उष्णता-विनिमयकाच्या प्लेटा असे स्थिर भाग मी घेईन, पण फिरणारे भाग घेणार नाही.

सुरुवात लहान करावी. आपल्याकडे वारंवार येणारे इंजिनाचे एकच मॉडेल निवडा, त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हा एकच भाग घ्या आणि एका इंजिनाला पुरतील एवढे स्पिंडल व सीट यांचा संच तयार ठेवा. पैसा अडकून राहतो, आणि पहिल्या वर्षी मालकाला हे पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण कपाटात पडलेला भाग त्याला उधळपट्टी वाटते. त्याला आपल्या मागच्या कामांपैकी असे एक काढून दाखवा, ज्यात जहाज फक्त व्हॉल्व्हसाठी अडून राहिले होते, आणि त्या दिवसांचा खर्च संचाच्या किमतीशेजारी लिहा.

राहिली हमी. नव्या भागाला उत्पादक जेवढे तास किंवा महिने देतो तेवढीच आपण लिहून द्यावी आणि मापांचा तक्ता व चाचणीचा अहवाल बिलाला जोडावा. एखाद्या भागाबाबत तेवढी हमी लिहिताना हात अडखळत असेल, तर तो भाग वाईटच असतो असे नाही. त्या बिलावर मात्र ‘पुनर्निर्मित’ न लिहिता ‘रिकंडिशन्ड’ असे लिहावे आणि दरही त्याप्रमाणे लावावा.