सेकंडहॅण्ड फिल्म बॅक बिघडलेली निघाली: रिपेअर करू, विकू की परत देऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की हॅसलब्लाड ५०० सी/एम हा फिल्म कॅमेरा आहे, त्याला एक्स्ट्रा म्हणून ए१२ बॅक (मागे लागणारा, फिल्म भरायचा सुटा डबा) सेकंडहॅण्ड घेतली, पहिल्याच रोलवर एका कडेला पांढरा पट्टा आला आणि दोन फ्रेम थोड्या एकमेकांवर चढल्या, आतल्या इन्सर्टचा, म्हणजे फिल्म बसवायच्या भागाचा, नंबरही बाहेरच्या शेलशी जुळत नाही, म्हणजे मूळ जोडी नाही. रिटर्नची मुदत संपायला अजून पाच दिवस आहेत आणि तुम्ही विचारताय की रिपेअर कार्डावर हप्ते पाडून करू, की ही आहे तशी विकून दुसरी घेऊ.

दोन्ही आत्ता नको. तुमच्या हातात सगळ्यात किमती काय असेल तर ते पाच दिवस आहेत, कारण पूर्ण पैसे परत मिळायचा रस्ता फक्त तेवढाच काळ उघडा आहे आणि तुम्ही पत्रात त्याचा विचारच केलेला दिसत नाही. म्हणून आधी एक करा, म्हणजे एक करूच नका: स्क्रू ड्रायव्हर लावू नका. सील (आत प्रकाश येऊ न देणारा फोम) बदलायचा व्हिडिओ बघून हात शिवशिवतात हे कळतं मला, पण एकदा उघडली की विकणारा म्हणणार तुम्हीच बिघडवली, आणि मग बोलायला जागा राहत नाही.

आता बिघाड एक नाही, दोन आहेत, आणि पैशाच्या दृष्टीने दोघांचं वजन फार वेगळं आहे. पट्टा बहुतेक डार्कस्लाइडच्या, म्हणजे फिल्म झाकणाऱ्या सरकत्या पत्र्याच्या, फटीतून येतोय. स्लाइड बाहेर काढली की ती फट आतल्या फोम आणि पातळ पट्टीच्या भरवशावर असते, फोम जुना होऊन चुरा होतो आणि उन्हात कॅमेरा जितका वेळ तसाच राहील तितका पट्टा आत पसरतो. निगेटिव्ह बघा, पट्टा दर वेळी त्याच कडेला आहे का. लेन्स चित्र उलटं टाकते म्हणून फटीची बाजू सरळ धरलेल्या फोटोत समोरच्या कडेला दिसते, इथे बरेच लोक फसतात आणि भलतीकडेच काळी टेप चिकटवत बसतात. तुमची जुनी बॅक याच बॉडीवर स्वच्छ फोटो देतेय म्हणजे बॉडी आणि लेन्स सुटले. सील बदलणं स्वस्त काम आहे, सवय असेल तर घरीही होतं.

फ्रेम चढणं मात्र गिअरचं दुखणं असू शकतं आणि तिथे टेक्निशियनच लागतो. पण आधी स्वतःकडे बघा. फिल्म भरताना तिच्या पाठीचा कागद इन्सर्टच्या क्लॅम्पच्या खालून घेतला होता का, कागदावरचा बाण खुणेसमोर होता का, रोल सैल तर नव्हता? बॉडी आणि बॅकवर पुढच्या फोटोला तयार आहे की नाही ते दाखवणाऱ्या छोट्या खिडक्या असतात, त्यांचे रंग जुळत नसताना बॅक लावली तर पूर्ण डबल एक्सपोजर (एका फ्रेमवर दोन फोटो) होतं नाहीतर मध्ये एक फ्रेम कोरी जाते, त्यात फ्रेम अर्धवट चढत नाही. म्हणजे तुमच्याकडे झालंय ते त्यातलं नाही.

याची टेस्ट डेव्हलप न करता होते. या बॅकमध्ये बसणारा एक १२० चा रोल वाया घालवायचा, एक्सपायर झालेला असला तरी चालेल. प्रत्येक वाइंडनंतर (फिल्म एक फ्रेम पुढे सरकवल्यावर) स्लाइड घालून बॅक काढा, मग स्लाइड ओढून समोर दिसणाऱ्या फिल्मवर मार्करने चौकटीच्या कडा आखा, स्लाइड घाला, बॅक परत लावा, स्लाइड काढून शटर दाबा, पुढे चला. शेवटी रोल उलगडला की बारा चौकोन दिसतील. मधलं अंतर थोडं कमीजास्त असेल तर सोडून द्या, चौकोन एकमेकांत घुसले तर गिअर बघायला हवेत.

हिशोब असा करा, आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे कोटेशन आले की तिथे घाला. बॅक १०० ला घेतली धरू. आहे तशी विकली तर ५० येतील, चांगली चालणारी घ्यायला १३० लागतील, गिअरचं रिपेअर ६० आणि जायचा-यायचा कुरिअर १५. रिपेअर करून वापरायची तर खर्च ७५, ही विकून चांगली घ्यायची तर ८०, म्हणजे फरक नावालाच, मग वॉरंटी कोण देतंय त्यावर ठरवा. पण रिपेअर करून विकायचा विचार असेल तर तोटा आहे, कारण नंबर न जुळणारी बॅक चांगली चालत असली तरी समजा ११० लाच जाईल, त्यातून ७५ गेले की ३५ उरतात, त्यापेक्षा आत्ताचे ५० बरे. आणि बघा, या सगळ्यात तुम्ही दिलेले १०० कुठेच आले नाहीत, ते फक्त रिटर्नमध्ये परत येतात.

हप्त्यांबद्दल स्पष्ट बोलतो, नको. कार्डावर आधीचं बाकी आहे असं तुम्हीच लिहिलंय, त्याच्यावर व्याज चालू असताना एका एक्स्ट्रा बॅकसाठी नवा हप्ता जोडायचा नाही, त्यातून एक बॅक चालू आहे म्हणजे फोटो काही थांबलेले नाहीत. ही सिस्टीम २०१३ मध्ये बंद झाली, सुटे भाग वर्षागणिक कमीच होणार, म्हणून आज केलेलं रिपेअर शेवटचं असेल असंही धरू नका.

मग माझं मत: मार्कर टेस्टमध्ये चौकोन घुसले तर वाद न घालता परत द्या, आलेले पैसे सरळ कार्डात भरा. चौकोन नीट आले आणि फक्त पट्टाच असेल तर ठेवा, पण सील बदलायचा खर्च आणि नंबर न जुळण्याचा भाव कमी करून मागा, जाहिरातीत नंबरबद्दल लिहिलं होतं का ते आधी वाचा, लिहिलं असेल तर तेवढं मागता येणार नाही. आजच विकणाऱ्याला मेसेज करून निगेटिव्हचे फोटो पाठवा आणि मुदत संपायच्या आत तक्रार केल्याचं लेखी राहू द्या, फोनवर नको. टेस्ट उद्यापर्यंत उरका, कारण पार्सल परत पोचायलाही दिवस लागतात आणि मुदत पाठवल्याच्या तारखेवर मोजतात की पोचल्याच्या, हे त्याच मेसेजमध्ये विचारून घ्या.