शार्लट टकरवर लिहितेयस म्हणून

अगं, तुझा ड्राफ्ट वाचला. मेहनत दिसते, पण शार्लट टकरला, म्हणजे मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि पुढे पंजाबात मिशनरी म्हणून आलेल्या त्या इंग्रज बाईला, तू दुसऱ्याच पॅराग्राफमध्ये 'साम्राज्याची एजंट' ठरवून मोकळी झालीस आणि मग पुढे फक्त पुरावे गोळा करत बसलीस, त्यामुळे बाई कुठे दिसतच नाही. तुझं म्हणणं चूक आहे असं नाही. बाप ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन, भाऊ रॉबर्ट फतेहपूरला जज आणि १८५७ च्या उठावात तिथेच मारला गेला, हे सगळं यायलाच हवं. फक्त निकाल आधी देऊ नकोस, आधी आयुष्य सांग.

वडील १८५१ ला गेले आणि १८५२ ला तिचं पहिलं पुस्तक आलं, तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेव, वाचक काय ते समजेल. स्वतःचं नाव कधी नाही, फक्त ए. एल. ओ. ई., म्हणजे 'अ लेडी ऑफ इंग्लंड'. लिहिली मात्र शंभरावर पुस्तकं, आणि त्यातली कमाई दानधर्माला. भाऊ गेला त्याच १८५७ मध्ये तिचं उंदराच्या तोंडून लंडनच्या फाटक्या पोरांची गोष्ट सांगणारं पुस्तक आलंय. लंडनच्या मेरिलबोन भागातल्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवायचे त्या घरात, ती गरिबांना भेटायला जायची, हे तू एका ओळीत उडवलंयस, तिथे थांब जरा.

आणि मग १८७५. वय ५४, निघण्याआधी हिंदुस्थानी शिकायला घेतली, पगार न घेता स्वतःच्या खर्चाने अमृतसरला आली आणि पुढच्या वर्षी बटाल्याला. ज्या देशात भाऊ मारला गेला तिथे ही बाई या वयात येते आणि परत जातच नाही, १८९३ ला अमृतसरला वारली, पुरली बटाल्यात. हे मला खरंच हलवून टाकतं. पण धर्मांतर हाच हेतू होता, पडद्यातल्या बायकांच्या घरी जाणं त्यासाठीच, देशी भाषांत भाषांतर व्हावं म्हणून छोट्या पुस्तिका लिहिल्या त्याही त्यासाठीच, हे जराही सौम्य करू नकोस.

तुझ्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात मोठी कमी आहे ती त्या घरांमधल्या बायकांची. त्यांचं म्हणणं शार्लटच्या पुस्तकांतून मिळेल पण तिच्या नजरेतून गाळून आलेलं. म्हणून पंडिता रमाबाईंची सिस्टर जेराल्डिनशी, म्हणजे इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातल्या ननशी, झालेली पत्रं वाच. काळ तोच, रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तरी चर्चची प्रत्येक गोष्ट मान खाली घालून ऐकली नाही, वाद घातला. बटाल्याच्या बायका म्हणजे रमाबाई नव्हेत, ते मला कळतं, पण मिशनरी बाईला समोरून उत्तर कसं मिळत होतं त्याचा अंदाज तरी येईल.

बटाल्याचा भाग पूर्ण नव्याने लिही, बाकीचं सध्या आहे तसं राहू दे. तेवढाच पाठवलास तरी चालेल, मी लगेच वाचते.