एका जिवाणूची तीन नावे

प्रश्न : रिफामायसिन हे प्रतिजैविक देणाऱ्या मातीतील जिवाणूचे नाव मला एका जुन्या पुस्तकात ‘स्ट्रेप्टोमायसीस मेडिटेरानी’, दुसऱ्यात ‘नोकार्डिया मेडिटेरानी’ आणि अलीकडच्या पुस्तकात ‘अमायकोलाटॉप्सिस मेडिटेरानी’ असे आढळले. हे तीन वेगळे जिवाणू आहेत का? पेशीभित्तिकेतील रसायनांवरून नाव बदलल्याचाही उल्लेख होता. ते कसे ठरवतात?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तिन्ही नावे एकाच जिवाणूची आहेत. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सां राफाएल या गावाजवळच्या पाइनवनातील मातीचा नमुना १९५७ साली मिलानच्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत आला आणि त्यात हा जिवाणू सापडला. क्षयरोगावर दिले जाणारे रिफाम्पिसिन हे याच्या रिफामायसिनमध्ये रासायनिक फेरफार करून तयार केलेले औषध आहे. या जिवाणूचे वर्णन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला स्ट्रेप्टोमायसीस या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) बसवले गेले, आणि त्या काळाचा विचार करता त्यात नवल नव्हते. बुरशीसारखे शाखायुक्त तंतू, वसाहतीचा रंग आणि बीजाणूंची ठेवण यांवरच तेव्हा या गटाच्या वर्गीकरणाची बरीचशी भिस्त होती. परंतु पोषक माध्यम बदलले की रंग बदलतो, कधी बीजाणू धरतच नाहीत, आणि ग्रॅम रंजनाचाही (रंग देऊन जिवाणूंचे ग्रॅम धन आणि ग्रॅम ऋण असे दोन गट पाडण्याच्या चाचणीचाही) येथे उपयोग नाही, कारण हे सगळेच जिवाणू ग्रॅम धन असतात.

पेशीभित्तिका मात्र इतकी चंचल नसते. तिचा मुख्य घटक असलेल्या पेप्टिडोग्लायकनमध्ये शर्करांच्या लांब साखळ्या अमिनो आम्लांच्या आखूड दुव्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. मातीतील अनेक तंतुमय जिवाणूंच्या या दुव्यात तिसऱ्या स्थानी डायअमिनोपिमेलिक आम्ल असते. त्याचे अणू तेच राहून त्यांची अवकाशातील मांडणी वेगळी असू शकते. स्ट्रेप्टोमायसीसमध्ये ‘एल-एल’ रूप आढळते, तर नोकार्डियामध्ये ‘मेसो’ रूप आणि त्याच्या जोडीला अरॅबिनोज व गॅलॅक्टोज या शर्करा. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात ह्युबर्ट आणि मेरी लेशव्हालिए या दांपत्याने अशा फरकांवरून भित्तिकांचे प्रकार पाडले. त्यांच्या पद्धतीत स्ट्रेप्टोमायसीस पहिल्या प्रकारात येते आणि नोकार्डिया चौथ्या.

या पद्धतीची खरी सोय तिच्या साधेपणात आहे. डायअमिनोपिमेलिक आम्ल प्रथिनांमध्ये नसतेच, त्यामुळे ते सापडले म्हणजे भित्तिकेतूनच आले असे समजता येते आणि भित्तिका वेगळी काढण्याचा खटाटोप वाचतो. वाळवलेल्या अख्ख्या पेशी ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात १०० अंश सेल्सिअसला साधारण रात्रभर ठेवतात, मग त्या द्रावणाचा थेंब सेल्युलोजच्या पातळ थराच्या पट्टीवर ठेवून क्रोमॅटोग्राफी करतात, म्हणजे द्रावक पट्टीवर चढवून त्यातील घटक वेगवेगळ्या अंतरांवर सरकू देतात, आणि अमिनो आम्लांना रंग आणणारे निनहायड्रिन फवारून पट्टी तापवतात. इतर अमिनो आम्लांचे ठिपके जांभळे उमटतात, डायअमिनोपिमेलिक आम्लाचा ठिपका मात्र हिरवट असतो आणि हळूहळू पिवळा पडत जातो. एल-एल रूप पुढे सरकलेले असते आणि मेसो रूप त्याच्या मागे राहते. शेजारी माहीत असलेला नमुना चालवला की निकाल डोळ्यांनी वाचता येतो. शर्करांसाठी आम्ल सौम्य आणि वेळ कमी ठेवावा लागतो, कारण तीव्र आम्लात त्या नष्ट होतात.

सां राफाएलच्या जिवाणूची भित्तिका चौथ्या प्रकारची निघाली, म्हणून १९६९ मध्ये तो नोकार्डियात गेला. पण खऱ्या नोकार्डियाच्या भित्तिकेत मायकोलिक आम्ले ही लांब साखळीची मेदाम्लेही असतात, जशी क्षयरोगाच्या जिवाणूत असतात, आणि या जिवाणूत त्यांचा पत्ताच नव्हता. त्यामुळे १९८६ मध्ये लेशव्हालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमायकोलाटॉप्सिस ही नवी प्रजाती मांडली. व्हॅन्कोमायसिन देणारा जिवाणूही याच वाटेने स्ट्रेप्टोमायसीसमधून नोकार्डियात आणि तेथून येथे आला. माझ्या मते दुसरा बदल पहिल्यापेक्षा अधिक बोलका आहे, कारण भित्तिकेचा एकच घटक पाहून थांबणे किती अपुरे असते हे त्यातून दिसते.

प्रश्न : आता जनुकांचा क्रम सहज वाचता येत असताना या परीक्षेची गरज उरली आहे का?
– वरील विद्यार्थिनीचाच दुसरा प्रश्न

उत्तर : नातेसंबंध ठरवण्याचे काम आता मुख्यतः जनुकांवरूनच होते. तरीही या गटातील नव्या प्रजातीचे वर्णन करताना भित्तिकेतील अमिनो आम्ल आणि पेशीतील शर्करा नोंदवण्याची रीत टिकून आहे, आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मातीतून मिळालेला तंतुमय जिवाणू स्ट्रेप्टोमायसीस आहे की नाही याची पहिली चाळणी म्हणून ही परीक्षा आजही परवडते. मात्र एक पथ्य पाळावे. किटासाटोस्पोरा या प्रजातीच्या बीजाणूंमध्ये एल-एल रूप असते आणि माध्यमात वाढणाऱ्या तंतूंमध्ये मेसो, त्यामुळे पट्टीवर दोन्ही ठिपके दिसू शकतात आणि त्यांचे प्रमाण वाढीच्या टप्प्यानुसार बदलते. या प्रजातीला १९९२ मध्ये स्ट्रेप्टोमायसीसमध्ये विलीन केले गेले आणि १९९७ मध्ये पुन्हा स्वतंत्र स्थान दिले गेले. म्हणून दोन ठिपके दिसताच नमुन्यात भेसळ झाल्याचे गृहीत धरू नये. संवर्धन शुद्ध आहे ना हे तपासून, बीजाणू आणि तंतू वेगळे करून परीक्षा पुन्हा करावी आणि पेशी कोणत्या माध्यमात किती दिवस वाढवल्या होत्या ते नोंदवहीत लिहून ठेवावे.