नवीन भाषेतील शब्द प्रकारवार गट करून पाठ करावेत का?

तुम्ही विचारले आहे की नवीन भाषेतील शब्द रंग, फळे, कपडे, नाती असे प्रकारवार गट करून पाठ केल्यास ते लवकर लक्षात राहतात का, आणि तसे करूनही तुमची गल्लत का होते. माझे मत असे आहे की शब्दांची पहिलीच ओळख होत असताना एका प्रकारचे शब्द एकत्र घेऊ नयेत. ते एकत्र आणण्याची वेळ नंतर येते. तुमची गल्लत होते त्याचे कारण बहुधा तुमच्या स्मरणशक्तीत नसून त्या यादीच्या रचनेत आहे.

मी जर्मन शिकवते. कपड्यांच्या धड्यात हेम्ड म्हणजे शर्ट, होझं म्हणजे पँट, हूट म्हणजे टोपी आणि हांटशू म्हणजे हातमोजा असे शब्द एकापाठोपाठ येतात. चारही शब्द ‘ह’ने सुरू होतात आणि चारही वस्तू अंगावर घालायच्या असतात. दुसऱ्या दिवशी विचारले तर विद्यार्थ्याला चारही शब्द आठवतात, पण हेम्ड कोणते आणि होझं कोणते हे मात्र त्याला खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे शब्द विसरलेला नसतो आणि अर्थही विसरलेला नसतो. त्या दोहोंची गाठ पक्की झालेली नसते. ती पक्की होण्याआधीच जवळच्या अर्थाचे दुसरे शब्द शेजारी आले की एकाची गाठ दुसऱ्याला बसते. मानसशास्त्रात याला व्यत्यय म्हणतात, आणि दोन गोष्टींत साम्य जितके अधिक तितका हा व्यत्यय मोठा असतो.

या प्रश्नावर थेट प्रयोग झालेले आहेत. थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये इंग्रजी शब्दांना कृत्रिम शब्दांच्या जोड्या लावून त्या लोकांना पाठ करायला दिल्या, तेव्हा एकाच प्रकारच्या वस्तूंचा गट शिकायला असंबंधित शब्दांच्या गटापेक्षा अधिक वेळा उजळणी करावी लागली. रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये जपानी भाषकांवर तसाच प्रयोग केला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. फिंकबायनर आणि निकोल यांनी २००३ मध्ये दाखवले की प्रकारवार शिकलेल्या शब्दांचे भाषांतर करायला नंतरही अधिक वेळ लागतो, आणि मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बोलताना शब्द सापडायला लागलेला थोडासा विलंबही वाक्य अडवून धरतो.

मग जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात अशा याद्या का असतात? एक कारण सोयीचे आहे: धड्याला शीर्षक मिळते आणि चित्रे काढता येतात. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्याला आधीपासून येत असलेल्या शब्दांची लांब यादी आठवायची असेल तर वर्गवारीचा खरोखरच मोठा फायदा होतो. गॉर्डन बावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ते स्पष्टपणे दाखवले होते. परंतु तेथे शब्द आणि त्याचा अर्थ यांची जोडी बालपणापासून पक्की असते, केवळ आठवण्याचा मार्ग हवा असतो. परभाषा शिकणाऱ्याला ती जोडीच नव्याने बांधायची असते. ही दोन कामे वेगळी आहेत, आणि पहिल्या कामातला अनुभव दुसऱ्याला लावल्यामुळेच हा समज इतका टिकून आहे, असे मला वाटते.

याविरुद्ध जाणारे पुरावेही आहेत, आणि ते बाजूला सारणे योग्य नाही. होशिनो यांच्या २०१० च्या अभ्यासात जपानमधील विद्यार्थ्यांना प्रकारवार यादीच अधिक फलदायी ठरली. इशी यांनी २०१५ मध्ये असे सुचवले की अडचण केवळ अर्थाच्या जवळिकीची नसून वस्तूंच्या दिसण्यातील साम्याची असावी. ग्रीसमधील पापाथानासिऊ यांच्या २००९ च्या अभ्यासात नवशिक्या प्रौढांना असंबंधित शब्द सोपे गेले, मात्र मध्यम पातळीवरच्या विद्यार्थ्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणून मी हा नियम सर्वांना सरसकट लावत नाही. नवशिक्यांच्या बाबतीत मात्र आग्रहाने लावते.

याचा अर्थ शब्द कसेही विस्कळीत घ्यावेत असा नाही. टिंकम यांनीच १९९७ मध्ये दाखवले की एखाद्या प्रसंगाभोवती गुंफलेले शब्द, म्हणजे ज्यांत नाम, क्रियापद आणि विशेषण एकत्र येतात असे गट, शिकायला मदत करतात. जर्मनमध्ये वाशन म्हणजे धुणे, नास म्हणजे ओले, हेम्ड म्हणजे शर्ट, ट्रॉकनन म्हणजे वाळणे आणि ब्यूगल्न म्हणजे इस्त्री करणे. या पाचांपैकी कोणताही शब्द दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, आणि पाचही मिळून धुतलेल्या शर्टाची छोटी गोष्ट सांगता येते. अशा गटात शब्द एकमेकांना आधार देतात.

विरुद्धार्थी जोड्या आणि वारांची नावे यांत विशेष सांभाळावे लागते. फ्रेंचमध्ये ‘वर’साठी ओ-दस्यू आणि ‘खाली’साठी ओ-दसू असे शब्द आहेत, दोन्ही एकाच दिवशी शिकले तर ते दीर्घकाळ एकमेकांत अडकून राहतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांचा सल्ला असा की जोडीतला अधिक वापरला जाणारा शब्द आधी पक्का करावा आणि दुसरा मग घ्यावा. वार सोमवारपासून क्रमाने घोकता येतात हे खरे, पण जर्मनमधील दीन्सटाग आणि डोनर्सटाग यांतला गुरुवार कोणता हे सांगण्यासाठी सुरुवातीपासून मोजत यावे लागत असेल, तर तो शब्द अजून आलेला नाही.

तुमच्याकडे पुस्तक किंवा ॲप प्रकारवार याद्यांचेच असेल तर ते बदलण्याची गरज नाही. एका बैठकीत एका यादीतले दोन-तीनच शब्द घ्या, बाकीचे दुसऱ्या धड्यांतून घ्या, आणि ज्यांचे पहिले अक्षर सारखे आहे असे एकाच यादीतले शब्द वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवा. उलटसुलट क्रमाने विचारल्यावरही प्रत्येक शब्द न अडखळता येऊ लागला, की मग सगळे कपडे एका तक्त्यात मांडा. त्या टप्प्यावर शर्ट, सदरा आणि झगा यांतले बारीक भेद शेजारी ठेवूनच नीट कळतात.