माळढोक अभयारण्याशेजारच्या गावांत निसर्ग न मोडता पोट भरेल असं काय करता येईल?

होमस्टे चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. हुरड्याच्या दिवसांत चालेल. काळवीट, लांडगा बघायला लोक सोलापूरजवळच्या नान्नजला, म्हणजे अभयारण्यात येतात, त्यांना माळ ओळखणारा गावचा पोरगा सोबत लागतो. पण त्यावर वर्ष निघत नाही. माळाचं खरं उत्पन्न गवत आणि मेंढरं. 'पडीक' म्हणत म्हणत आपणच ते घालवलं.

अभयारण्याला लागून आमची सहा एकर मुरमाड जमीन. आजोबांनी तिला नांगर लावला नाही. दिवाळीनंतर पवन्या, मारवेल ही माळावरची गवतं कापायची, मग मेंढरं सोडायची. वडील गेल्यावर दादा म्हणाला, द्राक्षं लावू. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका ही द्राक्षाची जात काढली, हे त्याचं कायमचं उदाहरण. मी म्हणालो, त्यांचा अभ्यास होता, आपल्याकडं पाणीसुद्धा नाही. त्यानं वाटणीच्या तीन एकरांत जेसीबी घातला. तीन बोअर मारले, दोन कोरडे, तिसरा मार्चलाच आटायचा. चार वर्षांत टँकरपायी बाग मोडली. आज तिथं गाजरगवत आहे. वरची माती उलटली की पवन्या सहज परत येत नाही.

माझ्या तीन एकरांतलं गवत म्हशीवाले बांधावरून उचलतात. सुगी झाली की लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो, पैसे किंवा ज्वारी मिळते. एकदा लांडग्यानं दोन मेंढ्या मारल्या, तेव्हा दादा विष घालायला निघाला होता. मी आडवा झालो, पंचनामा करून भरपाई घेतली.

१९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरवर अभयारण्य झालं, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. गावांचा राग रास्तच होता. पुढं ते १,२२२ वर आणलं, तर दादासारख्यांना वाटलं, आता सगळं नांगरायला मोकळं.

लोकरीवर मात्र विसंबू नका, कातरणीचासुद्धा खर्च निघत नाही. मेंढरं फार वाढवली तर माळ बोडका होतो. पावसाळ्यात माळावर मेंढरं घालू नका, माळढोक पक्षी तेव्हा उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. आणि आमच्या घरात बायकोच्या शिलाईचे पैसेही येतात, ते सांगायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात दादानं माझ्याकडून दोन गाड्या गवत नेलं. भावाकडून पैसे घेऊ नको, असं आई म्हणत होती. मी घेतले. गवताची किंमत त्यानं स्वतःच्या हातानं मोजावी, एवढंच मला हवं होतं.